ऊन फुकट, अक्कल विकत

सोलापूरला पाणी उजनीहून येतं. अंतर शंभरेक किलोमीटर. वाटेत कुठे पाइप फुटतो, कुठे वीज जाते, आणि आमच्या जुळे सोलापुरातल्या नळाला ते पोचेपर्यंत चार-पाच दिवस उलटलेले असतात. ऊन मात्र १५ कोटी किलोमीटरवरून निघतं, आठ-साडेआठ मिनिटांत पोचतं, सुट्टी घेत नाही, बिल पाठवत नाही, आणि मे महिन्यात तर पारा ४३-४४ ला टेकवून ‘अजून वाढू का’ असं विचारत गच्चीवर उभं राहतं. एवढी तत्पर सेवा शहरात दुसरी नाही आणि तरी आपण तिचा काडीइतका उपयोग करून घेत नाही, हा विचार मला निवृत्तीनंतर लगेचच सुचला. निवृत्त माणसाच्या विचारांवर सरकारने कर बसवायला हवा.

हा विचार मी मोठ्याने बोललो आणि तोही नेमका गच्चीवर, जिथे आई जुन्या धोतरावर सांडगे घालत बसली होती, तिच्या एका हाताला कालच्या कुरडया होत्या, दुसऱ्या हाताला ताकातून काढलेल्या भरल्या मिरच्या, पलीकडे वर्षाच्या तिखटाची लाल मिरची आणि कठड्यालगत शेजारच्या अक्कांचे ज्वारीचे पापड. आईने मान वर केली नाही. “मग हे काय रे, चांदण्यात वाळवतीय का मी?”

मी तिला समजावलं, की हे झालं पारंपरिक. यात धूळ बसते, चिमण्या हक्काने येतात, वळीव आला की पळापळ होते आणि उघड्या उन्हात पाल्याचा हिरवा रंग उडतो. मला म्हणायचं होतं ते शास्त्रीय वाळवण. मी सगळी हयात शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवली असल्यामुळे ‘शास्त्रीय’ हा शब्द माझ्या तोंडून निघाला, की घरातली माणसं फुटण्यासारख्या वस्तू उचलून ठेवतात.

त्यानंतर जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या सुमाराला एक कृषी प्रदर्शन भरलं आणि मी नातवासाठी पिपाणी आणायला म्हणून गेलो तो सोलर ड्रायरची पावती घेऊन परत आलो. त्या स्टॉलवर माझा जुना विद्यार्थी उभा होता, हेच त्याचं कारण. दहावीच्या सराव परीक्षेत त्याला विज्ञानात काठावर आणताना मला माझ्या पदरचे दोन मार्क घालावे लागले होते. आता तो मला यंत्र समजावून सांगत होता. खाली काळा रंग दिलेला पत्रा, त्यावर जाळीचे ट्रे, वर तिरपं पारदर्शक झाकण. ऊन आत शिरतं, काळा पत्रा तापतो, हवा गरम होऊन हलकी होते, मालातला ओलावा उचलते आणि वरच्या धुराड्यातून निघून जाते. तिच्या जागी खालच्या भोकांतून कोरडी हवा आत येते. “सर, एकच लक्षात ठेवा,” तो म्हणाला, “भोकं आणि धुराडं बंद करायचं नाही.”

“उष्णतेचं संक्रमण मी तुला शिकवलंय,” मी म्हणालो.

“हो सर. म्हणूनच सांगतोय.”

घरी येऊन मी वही काढली. एक किलो पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते ती विजेच्या हिशेबात साधारण पाऊण युनिटाच्या आत बसते. सोलापुरात चौरस मीटरभर गच्चीवर वर्षाच्या सरासरीने दिवसाला पाच-साडेपाच युनिट ऊन पडतं. त्यातलं दोन-तृतीयांश वाया गेलं असं धरलं, तरी एका चौरस मीटरमागे रोज अडीच किलो पाणी उडतं. माझं यंत्र दोन चौरस मीटरचं, म्हणजे पाच किलो. पुढे मी शेवग्याच्या पावडरचा भाव लावला, गुणाकार केला, आणि रात्री उशिरा माझ्या लक्षात आलं, की मी आयकराच्या वरच्या टप्प्यात जातोय.

शिवाय उदाहरणंही हवेतली नव्हती. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून बाहेर पडलेल्या वैभव तिडके आणि त्याच्या मित्रांनी सौर ड्रायर बनवला, ‘एस फोर एस’ नावाची कंपनी काढली, मराठवाड्यातल्या गावोगावच्या बायकांना तो चालवायला दिला. बाजारात भाव न मिळणारा कांदा, टोमॅटो, आलं त्या वाळवतात आणि कंपनी तो माल विकत घेते. या कामाला २०२३ साली अर्थशॉट पुरस्कार मिळाला, दहा लाख पौंडांचा. हे मी जेवताना घरात वाचून दाखवलं. सौ. म्हणाली, “यात बायका चालवतात असं लिहिलंय, ते परत एकदा वाचा.” मी पौंडांचं परत वाचलं.

यंत्र आलं. त्याचं तोंड दक्षिणेला करायचं असतं आणि झाकणाचा उतार गावाच्या अक्षांशाइतका ठेवायचा असतो, म्हणजे सोलापूरसाठी १८ अंशांच्या आसपास. पण दक्षिण म्हणजे यमाची दिशा. घरातली खाण्याची वस्तू तिकडे तोंड करून ठेवायला आईने साफ नकार दिला. मी तिला विषुववृत्त काढून दाखवलं. तिने मला वडिलांची आठवण करून दिली. शेवटी यंत्र आग्नेयेला तोंड करून बसलं, म्हणजे शास्त्रही दुखावलं आणि यमही. जागा मात्र मी स्वतः निवडली होती, सकाळी नऊला, गच्चीवर दोरी धरून, जिथे लख्ख ऊन होतं तिथे. दुपारी दोनला वर गेलो तर पाण्याच्या टाकीची सावली सरकत सरकत येऊन बरोबर झाकणावर विसावलेली. आमच्या गच्चीवर, किंबहुना अख्ख्या कॉलनीत, दुपारच्या वेळी सावलीची जेमतेम एक जागा असते. यंत्र तिथे होतं.

टाकी हलणार नव्हती, म्हणून यंत्र हलवलं; हलवताना शेजारचे दोन तरुण, एक दूधवाला आणि माझी कंबर कामाला आली, त्यातले पहिले तिघे संध्याकाळपर्यंत बरे होते. मग पहिला घाणा लावला शेवग्याच्या पाल्याचा. मेहुण्याची सांगोल्याकडे शेती. बांधावरच्या शेवग्याच्या फांद्या त्याने पोत्यात भरून पाठवल्या. पाला ओरबाडला, धुतला, ट्रेमध्ये भरला, आणि भरला म्हणजे अगदी दाबून भरला, कारण पाच किलोचा हिशेब मनात पक्का होता. तासाभराने तापमापी पाहिली तर काटा पन्नाशीवर रेंगाळत होता, आणि धुराड्याशी हात धरला तर काय, मी सोलापूरच्या उन्हाची एवढी उष्णता गोळा करतोय आणि ती धुराड्यातून चक्क बाहेर चाललीय! हा अपव्यय मला पाहवेना. नातवाच्या जुन्या झबल्यांचे बोळे करून मी खालची भोकं बुजवली आणि धुराड्यावर सौ.चं चहाचं पातेलं पालथं घातलं.

काटा सत्तरीच्या पुढे गेला. मी खुशीत खाली येऊन वामकुक्षी केली.

चारला झाकणाशी गेलो तेव्हा आतलं काही दिसत नव्हतं. झाकणाच्या आतल्या बाजूला टपोरे थेंब धरले होते. एक थेंब फुगायचा, शेजारच्याला धरायचा, दोघं मिळून उतारावरून ओघळत खालच्या कडेला यायचे आणि तिथून टपकन परत पाल्यावर. सकाळपासून उडालेलं पाणी घरचं घरातच फिरत होतं. झाकण उचललं तर वाफेचा लोट चष्म्यावर आला, आणि चष्मा पुसून पाहिलं तर पाला काळपट हिरवा, मऊ, एकमेकांना चिकटलेला. अक्का कठड्यापलीकडून वास घेत म्हणाल्या, “काय करायलाव ओ सर? शेवग्याची भाजी? डाळ टाकलाव का?”

त्या रात्री डाळ टाकून भाजी झाली. बरी झाली होती.

पुढची पाळी तुळशीची. इथे मी शहाणपण केलं आणि पाला थोडाच घेतला, पण काटा मात्र सत्तरीच्या खाली येऊ दिला नाही. तुळशीचा, गवती चहाचा, पुदिन्याचा वास म्हणजे त्यांच्यातली उडून जाणारी तेलं; असल्या पाल्याला चाळिशी-पंचेचाळिशीची कोमट हवा पुरते, त्याच्या फार वर गेलं की पाण्याबरोबर तेलही निघून जातं. ते निघालं. त्या दुपारी आमच्या गल्लीला इतका सुंदर वास सुटला, की दोन घरांपलीकडे सत्यनारायण आहे असं समजून एक गृहस्थ सोवळं-ओवळं विचारून गेले. संध्याकाळी माझ्या हातात जे उरलं, त्याला वाळलेल्या गवताचाही वास नव्हता. सुगंध गल्लीला वाटला आणि भुसा तेवढा माझ्या वाट्याला आला.

मग टोमॅटोचा भाव पडला आणि मी मंडईतून १० किलो टोमॅटो उचलले. टोमॅटोत ९४ टक्के पाणी असतं, हे मला ठाऊक होतं. त्यावरून १० किलोंतून फक्त ६०० ग्रॅम ऐवज हाती येणार, हे गणित मी विकत घेतल्यावर केलं. सौ. म्हणाली, “हा आकडा कुणाला सांगू नका. लोकांना वाटेल, बाकीचे तुम्ही येता येता खाल्ले.” शिवाय चकत्या पातळ करायच्या तर हात दुखतात, म्हणून मी बोटभर जाड केल्या. कडक उष्णता लागल्यावर वरचा थर चट्‌दिशी आवळून बसतो आणि आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही. चकती वाजवून पाहिली तर खणखणीत, आत मात्र ओल. आमचे हेडमास्तर हुबेहूब असे होते. मी बरणी भरली, चिठ्ठी चिकटवली, कपाटात पहिल्या रांगेत ठेवली, आणि पाहुण्यांना दाखवायला म्हणून उघडली तेव्हा चकत्यांना पांढरी दाढी आली होती.

खरी हद्द झाली डाळिंबात. सोलापूर म्हणजे डाळिंबाचा जिल्हा. २००५ साली निघालेलं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आमच्याच केगावला आहे, सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तेव्हा तडकलेली, बाजारात न चालणारी फळं मेहुण्याकडून आणून अनारदाणा करावा, ही कल्पना वाईट नव्हती. एवढंच, की बाजारातला आंबट अनारदाणा येतो तो हिमाचल-जम्मूकडच्या रानटी आंबट डाळिंबाचा, आणि आमचा भगवा वाण म्हणजे साखर. ती साखर तापून पाझरली, दाणे एकमेकांना चिकटून त्यांची ट्रेएवढी लाल चिक्की झाली, रस जाळीतून काळ्या पत्र्यावर ठिबकला, आणि खालच्या भोकांतून, जी या वेळी मी आठवणीने उघडी ठेवली होती, मुंग्या आल्या. रांगेने, शिस्तीत, कुठून कुठून. गड्ड्याच्या यात्रेला पालखीमागे अशी गर्दी मी पाहिली आहे. चिक्की सोडवताना उडालेले शिंतोडे आईच्या धोतरावर पडले. डाळिंबाचा डाग निघत नाही, ही माहिती मला त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाने स्वतंत्रपणे दिली.

मेहुण्याला माझी दया आली. त्याने मला गाडीत घातलं आणि पंढरपूरकडे एका बेदाण्याच्या शेडवर नेलं. मला वाटलं होतं, बेदाणा रखरखीत उन्हात वाळत असेल. तिथे ऊन नव्हतंच. वर छप्पर, बाजूने हिरवी शेडनेट, आत जाळ्यांचे मजल्यावर मजले, आणि त्यांवर एकेरी पसरलेली द्राक्षं. आधी घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, त्याने द्राक्षाच्या सालीवरचं मेण सैल होतं आणि ओलावा निघायला वाट मिळते. मग दोनेक आठवडे काम करतो तो फक्त फेब्रुवारी-मार्चचा आमच्याकडचा कोरडा वारा. शेडवरचा गडी हातातली द्राक्षं पालटत म्हणाला, “ऊन लागलं की काळं पडतं सायेब. वारा पायजे.” मी मान हलवली. घरी आल्यावर हे मोठ्या शोधासारखं सांगितलं तर आई म्हणाली, “मी काय सांगत होते पहिल्या दिवसापासून? अरे, त्याला वारा लागू दे की.” ती खरंच सांगत होती. मी ते मायेने सांगितलंय असं समजत होतो.

मग मला माझाच फळा आठवला. बाष्पीभवनाचा वेग कशावर अवलंबून असतो? तापमान, पृष्ठभागाचं क्षेत्रफळ, हवेतली आर्द्रता आणि वारा. हा प्रश्न मी दर वर्षी काढायचो, वर्गाकडून घोकून घ्यायचो, ओला रुमाल पंख्याखाली धरून दाखवायचो. उत्तरात ‘वारा’ विसरणाऱ्याचा अर्धा मार्क कापायचो. माझं यंत्र, दहा किलो टोमॅटो, पोतंभर शेवगा आणि मेहुण्याची डाळिंबं त्या अर्ध्या मार्कात गेली.

यंत्र मात्र बिचारं निर्दोष होतं, आणि ते सिद्ध केलं वळवाने. एप्रिल अखेरची दुपार, गच्चीगच्चीवर वाळवणं, आणि होटगीच्या बाजूने अचानक ढग चढले. धूळ उठली, पत्रे वाजले, पाठोपाठ बोराएवढे थेंब. अक्का परात घेऊन जिन्याकडे धावल्या, सौ.ने धोतराची चार टोकं धरून कुरडयांचं गाठोडं केलं, त्यात निम्म्यांचा चुरा झाला, समोरच्यांची वर्षाची मिरची पन्हाळीतून खाली अंगणात उतरली. यंत्रात त्या दिवशी सौ.ने, मी घरी नसताना, कढीपत्ता घालून ठेवला होता. पाऊस थांबल्यावर सगळ्या बायका त्याच्याभोवती गोळा झाल्या. तिने झाकण उचललं, एक पान घेतलं आणि बोटांत चुरडलं. कुर्रकन आवाज आला. हिरवंगार पान, आणि वास असा, की आत्ता फोडणी पडलीय.

तिची पद्धत मी चोरून पाहून घेतली. पाला धुऊन झटकायचा, रात्रभर सुती लुगड्यावर घरातच सावलीत सुकवायचा, सकाळी ट्रेवर इतका विरळ पसरायचा की खालची जाळी दिसली पाहिजे, वरून एक पातळ काळं फडकं टाकायचं म्हणजे उन्हाने रंग उडत नाही, भोकं सताड उघडी, आणि काटा चढला तर झाकणाखाली काडी सरकवून फट ठेवायची. टोमॅटोच्या चकत्या पातळ. बरणीत भरण्याआधी माल गार होऊ द्यायचा, नाहीतर त्याच्याच वाफेने तो आतून घामेजतो. यातलं एकही वाक्य तिने कुठे वाचलेलं नव्हतं. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत मात्र हे सगळं होतं. ती पुस्तिका मी डुगडुगणाऱ्या पायाखाली घडी करून सारली होती.

पुढचं फार भराभर घडलं. वळवाच्या दुसऱ्याच दिवशी अक्कांनी पुदिना आणला. मग समोरच्यांची कसुरी मेथी, मग कोपऱ्यावरच्या तेलुगू काकूंचा गोंगुरा, मग कुणाचा आवळा, कुणाचं आलं. आईने सांडग्यांना अजून यंत्राची पायरी चढू दिलेली नाही, पण दक्षिणेकडे तोंड करायला परवानगी दिली. यमाचं काय ते मी बघून घेईन म्हणाली. स्वयंपाकघरातल्या महालक्ष्मी कॅलेंडरवर आता दुधाच्या हिशेबाशेजारी ड्रायरच्या पाळ्या लिहिलेल्या असतात, ट्रेमागे भाडं ठरलं आहे, बचत गट काढायचं आणि अन्न सुरक्षेची नोंदणी करायचं चाललं आहे, आणि शेवग्याच्या पावडरला एक गिऱ्हाईक पुण्याहून फोन करतं. फोन सौ. घेते. माझ्याकडे जाळ्या घासणं, काळं फडकं धुणं आणि चिमण्या हाकलणं ही खाती आहेत, त्यातलं तिसरं झाकणामुळे फारसं लागत नाही.

परवा मी धीर करून विचारलं, “कुंडीतला गवती चहा वाढलाय. एकदा लावून बघू का?”

सौ.ने चष्मा लावून कॅलेंडर पाहिलं. “बुधवारी दुपारनंतर एक ट्रे रिकामा आहे. पण झाकण अक्का लावतील, तुम्ही हात लावायचा नाही.”

मी कबूल झालो. यंत्र माझं, गच्ची माझी, पेन्शनही माझीच. निघता निघता एवढंच विचारलं, की घरच्या माणसाला भाडं किती.

“तेवढंच,” ती म्हणाली. “फक्त तुमच्याकडून आगाऊ.”